तळ्यावरचा हिरवा थर

"डाक्टरकडं कशाला जाऊ? साहेबाच्या पोरीचं औषध लावलंय की."

मी मोरीच्या खिडकीत दात घासत उभी होते. बाहेर नळापाशी दोघी जणी दुधाचे कॅन धूत बोलत होत्या. साहेब म्हणजे माझे वडील. उमरगा तालुक्यातल्या त्या गावी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं, त्याचे ते प्रमुख, आणि केंद्राच्या आवारातच आमचं घर. साहेबाची पोरगी म्हणजे मी. पण मी कुणालाही कसलंही औषध दिलेलं नव्हतं.

"कंच्या दुकानातलं गं?" दुसरीनं विचारलं.

"दुकानातलं न्हाय, तळ्यातलं. त्ये हिरवं असतंय बघ, सायीवानी. त्यानं जंतू मरत्यात म्हनं. पोरगी बोलत न्हाय, पर लई शिकल्याली हाय."

ब्रश तोंडातच राहिला.

मी तेव्हा पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. आमच्या सरांना साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळाचा नाद होता. डोळ्याला नुसता हिरवा रंग दिसतो, पण त्यात साध्या शेवाळाबरोबर निळसर-हिरवे अगदी बारीक जीव असतात, आणि त्यातले काही आपल्याभोवतीचे जंतू मारणारं रसायन तयार करतात. आम्ही तो थर वाळवायचो, स्पिरिटमध्ये भिजवायचो, गाळायचो. मग कागदाच्या टिकलीवर त्याचा थेंब घेऊन ती टिकली जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ठेवायचो. बहुतेक बशांत काहीच व्हायचं नाही. एकदाच टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटला होता. सुट्टीला निघताना सर म्हणाले, तुमच्याकडचे नमुने आणा.

म्हणून त्या दुष्काळात, जिथं माणसं पाण्यासाठी तळ्यावर जात होती, तिथं मी जॅमच्या बाटल्या घेऊन शेवाळासाठी गेले. पाझर तलावाच्या तळाशी गुडघाभर पाणी उरलं होतं. त्यातच म्हशी बसायच्या. कडेनं जाड हिरवा थर आला होता.

परत येऊन नळावर बाटल्या बाहेरून धूत होते, तेव्हा कॅन धुणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, ही घान कशापायी आनली?"

त्यांना टाळता आलं असतं. मी सगळ्यांनाच टाळायची. पण त्या हसून विचारत होत्या, आणि मला त्या बशीबद्दल कुणाला तरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "यात औषध आहे, मावशी. यानं जंतू मरतात. चंद्राला खळं पडतं ना, तसा गोल दिसतो."

"खळं पडलं म्हंजी पाऊस येतोय बघा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही हसलो.

वाळवणं, भिजवणं, गाळणं यातलं मी काही सांगितलं नाही. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. ते सगळं मला मराठीत सांगता येईना. अडखळले तर हसतील, असं वाटलं. म्हणून सोपं तेवढं सांगून घरात आले. नंतर एक भरलेला कॅन मावशींच्या पायावर पडल्याचं ऐकलं होतं. त्या दुसऱ्या दिवशीही कामावर आल्या, तेव्हा मी ते विसरून गेले.

आता खिडकीबाहेर बोलणाऱ्या त्याच मावशी आहेत, हे ओळखून तोंड न धुताच मी बाहेर धावले. "मावशी, पाय दाखवा."

त्यांनी चिंधी सोडली. पाऊल घोट्यापर्यंत तट्ट फुगलं होतं. जखमेवर हिरवं-काळं खपल्यासारखं वाळलं होतं आणि त्याच्या कडेनं पू येत होता. वास तळ्याचा नव्हता. घोट्यावरून वर तांबडी रेघ चढली होती. ती रेघ कशाची, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

मी वडिलांना एवढंच म्हणू शकले, "यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. आत्ता." त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि जीप काढायला सांगितली.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खपली ओली करून सोडवली. मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली होती, पण ओरडल्या नाहीत.

"काय लावलं होतं यावर?"

"हळद, सायेब."

"हळद हिरवी असते का, बाई? शेण लावलं का? कसला पाला?"

"न्हाय."

"हे बघा, विष वर चढतंय. तुम्हाला सोलापूरला पाठवावं लागेल. पाऊल राहील का, ते मला आज सांगता येत नाही. तिथले डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. कशानं झालं ते चिठ्ठीत लिहिलं, तर त्यांचा वेळ वाचेल."

"बाई, लपवू नका," माझे वडील म्हणाले. "कुणी सांगितलं होतं लावायला?"

"कुनी न्हाय सांगितलं. माज्याच मनानं लावलं."

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि मला एकदम कळलं, त्या मला वाचवत होत्या. पाऊल जाईल हे ऐकूनही, साहेबांसमोर साहेबांच्या पोरीचं नाव नको म्हणून. मी दाराशी उभी होते. मी गप्प राहिले असते तर त्या दवाखान्यात कुणाला काही कळलं नसतं. गप्प राहण्याची तर मला सवयच होती.

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहायला घेतलं.

"मी सांगितलं यांना," मी म्हणाले. वडील वळले. "तळ्यावरच्या हिरव्या थरानं जंतू मरतात, असं म्हणाले मी. म्हशी बसतात त्याच पाण्यातला थर आहे तो. कच्चा लावायचा नसतो, त्यातच जंतू असतात, हे मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही."