रुमालाचं टोक

अन्सारचाचाचं नाव पहिले लिहितो. माझ्या मेडशी गावाजवळ, मालेगावात बसस्टँडच्या मागं त्यांचं मोटरसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. मला कबड्डी त्यांनी शिकवली. रेक्झिनच्या उरलेल्या तुकड्यांत फोम भरून गुडघ्याचे पॅड शिवून दिले. आणि मी बारावी अर्धी टाकून परत आलो तेव्हा एक प्रश्न न विचारता त्यांनी आपल्या साळ्याला फोन लावला आणि मला इथं, परराज्यात होसूरला, कामाला लावून दिलं. त्यांचं नाव लिहावं का नाही, याची धास्ती वाटत होती. माझ्यापायी कोणी त्यांच्या दुकानावर जाऊन काही बोललं तर? पण त्यांना वगळून पुढचं सांगायला माझी जीभ वळत नाही.

आता झालं ते.

"हे टोक तू धर," कॉलेजच्या टीमचा कप्तान म्हणाला.

त्याच्या हातात रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा, इस्त्रीचा. एक टोक त्याच्या बोटात. दुसरं माझ्यासमोर लोंबत होतं.

मला वाटलं गंमत आहे. मी हसलो. माझा हात पुढं केलेला तसाच होता.

"हात नाही बे. रुमाल. तुह्या हाताले घाम येते."

बाकीची पोरं हसली. शिट्टी गळ्यात घालून सर कडेला उभे होते. तेही हसले. म्हणाले, "चला रे, लवकर उभे राहा."

मी ते टोक धरलं.

ज्यांनी कबड्डी खेळली नाही त्यांना सांगतो. बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे राहतात. त्याला साखळी म्हणतात. मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो, माझ्या शेजारी कप्तान. चढाईवाला आत आला की बोलायला वेळ नसतो. शेजारचा आपला हात दाबतो आणि आपल्याला कळतं, आता झेप घ्यायची. सगळा खेळ त्या दाबण्यात आहे. रुमालातून ते कळत नाही. रुमाल नुसता हलतो.

घामाचं म्हणाल तर सगळ्यांनाच घाम होता. कप्तानाच्या दुसऱ्या बाजूला जो होता, त्याच्या कोपरावरून धारा लागल्या होत्या. त्याचा हात कप्तानाच्या हातात गच्च होता.

आदल्या दिवशी कप्तानानं मला विचारलं होतं, "पूर्ण नाव सांग." मी सांगितलं. "मेडशीत कोणत्या बाजूले राह्यतं?" मी सांगितलं, बुद्धविहाराच्या मागं. तो "अच्छा" म्हणाला. बस. दुसऱ्या दिवशी रुमाल आला.

त्या कॉलेजात मी गेलो कशाला, हेही सांगायला पाहिजे. मालेगावातच कॉलेज होतं. तिथं सगळे माझ्यासोबत चाचाच्या मैदानावर वाढलेले. पण तिथली टीम मातीवर खेळायची. आणि टीव्हीवर जी लीग दाखवतात, ती मॅटवर होते. मातीवर शिकलेल्याचा पाय मॅटवर फसतो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. त्या मोठ्या कॉलेजात मॅट होती. लीगवाले निवड करायला तिथंच यायचे. तिथली पोरं लीगमध्ये गेली होती, त्यांचे फोटो फाटकाजवळ लावलेले. तू किती चांगला खेळतो, हे मागून विचारतात. कोणत्या कॉलेजातून आला, हे पहिले.

चाचा म्हणाले होते, "जाय बेटा, तिथून पोट्टे पुढं जातेत हे खरं हाये. पण नाव टाकायच्या पहिले त्याइच्यासंग एक डाव खेळून पाह्य."

मी डाव खेळून पाहिला नाही. मॅट पाहिली. चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला. निळी, मऊ. ऑफिसात जाऊन नाव टाकून आलो. आई त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन निंदत होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "मॅट म्हंजे सतरंजी काय रे?" मी हसत सुटलो. किती खूश होतो मी.

मग रोज रुमाल.

रोज संध्याकाळी कप्तान तो कंबरेतून काढायचा. खेळ झाला की माझ्याकडचं टोक खाली सोडायचा आणि उघड्या नळाखाली नुसतं तेवढं टोक धुवायचा. सगळ्यांसमोर. अख्खा रुमाल नाही. माझं टोक.

बाहेर सामने असले की रुमाल चालत नाही. तेव्हा मी एकटा. साखळी माझ्या अलीकडंच तुटायची. चढाईवाल्यांना ती फट लगेच दिसायची, ते तिथूनच घुसायचे. आणि मार खाल्ला की सर मला म्हणायचे, "तुले मिळून खेळता येत नाही."

मी बोललो नाही. घरी नाही, चाचाला नाही. चाचा फोनवर विचारायचे, "मॅटवर पाय बसला का?" मी म्हणायचो, बसला. मला निवडीचा दिवस पाहिजे होता. एवढंच गिळायचं, मग लीग, मग कोण कप्तान आणि कोणाचा रुमाल. रात्री पडल्या पडल्या मी डाव्या हाताची मूठ उजव्या हातात धरून दाबायचो. स्वतःच स्वतःला इशारा द्यायचो.

निवडीचा दिवस आला. लीगच्या टीमचा एक माणूस आला होता. जुना खेळाडू, कान चुरगळलेले, गुडघ्याला पट्टा. चारपाच चढाया झाल्या. मी दोन पकडी एकट्यानं केल्या. त्यानं मान हलवली, मी पाहिली. मग त्यानं खेळ थांबवला.

"लेफ्ट कॉर्नर अकेला क्यों है? चेन पकडो."

कप्तानानं कंबरेला हात घातला. रुमाल काढला. सगळ्यांच्या समोर, त्या माणसाच्या समोर. इतकी सवय झाली होती त्याला.

"ये क्या है?"

सर पुढं झाले. "सर, त्याच्या हाताले लय घाम येतो. ग्रिप सुटते. म्हणून सवय लावली."

तो माणूस माझ्याजवळ आला. "हाथ दिखा."

मी दाखवला. त्यानं माझा तळवा आपल्या अंगठ्यानं चोळला. कोरडा होता. घाबरलो की माझे हात कोरडे पडतात, थंड आणि कोरडे, लहानपणापासून. त्यानं तळव्याकडं पाहिलं. रुमालाकडं पाहिलं. कप्तानाकडं. मग माझ्या डोळ्यात. त्याला कळलं. मी शपथेवर सांगतो, त्याला सगळं कळलं.

मी वाट पाहत होतो. आता हा बोलेल.

तो घड्याळाकडं पाहत म्हणाला, "चलो चलो, टाइम जा रहा है."

रुमालापेक्षा हे जास्त लागलं. कप्तान तसाच होता. पण याचं बोट माझ्या हातावरून फिरलं होतं.

कप्तानानं टोक पुढं केलं. मी दोन्ही हात मागं घेतले.

"धर ना बे," तो हळू म्हणाला. "काहून तमाशा करतं?"

मी मोठ्यानं बोललो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "रुमाल नाही धरत. हात धरायचा असन तर धर. माह्या हाताले घाम नाही, या सायबानं आताच पाह्यला. तुले माह्या जातीचा विटाळ होते, तसं सांग त्याइले."

कप्तानाचा हात त्याच्या मांडीजवळ होता. मी त्या हाताकडं पाहत राहिलो. खरं सांगतो, तेव्हाही मला वाटत होतं की तो पुढं येईल. नाही आला.

"बाहर बैठ," लीगवाला म्हणाला. माझ्याकडं न पाहता.

मी बाहेर बसलो नाही. बाहेर निघून गेलो. गुडघ्याचे पॅड तसेच बांधलेले होते, एसटीत बसलो तेव्हा लक्षात आलं. कॉलेजात परत गेलो नाही. बारावी राहिली ती राहिली. आई म्हणाली, "शिक्षण तरी पुरं करायचं होतं, बापा." ती एवढंच म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली.

मालेगावात उतरलो होतो तेव्हाच चाचाच्या दुकानात गेलो होतो. ते सीट शिवत होते. त्यांनी मशीन थांबवली, स्टूल सरकवलं, माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. गिऱ्हाईक आलं. ते म्हणाले, "थोडं थांबा भाऊ." हात सोडला नाही. मी तिथं रडलो.

आता इथं गाड्यांच्या पार्ट्सचे खोके बांधतो. भाषा अजून नीट येत नाही. मालक बरे आहेत, चाचाचा साळा जेवलास का विचारतो. मी कोणाबद्दल तक्रार करत नाही. पण मागच्या हंगामात कॅन्टीनच्या टीव्हीवर लीग लागली होती आणि पडद्यावर कप्तान दिसला. डाव्या कोपऱ्यावर. माझ्या जागेवर. त्याच्या शेजारी कुठल्या तरी दूरच्या राज्यातला पोरगा होता. कप्तानानं त्याचा हात धरला होता. घट्ट, बोटांत बोटं घालून. त्या पोराचं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्याला माहीत नसेल. मी ताट उचललं आणि नळाखाली उभा राहिलो. ताट धुऊन झालं तरी उभाच.

परवा एका पोराचा फोन आला. मेडशीचा, आमच्याच गल्लीतला, चाचाच्या हाताखाली तयार झालेला. चाचानंच माझा नंबर दिला.

"दादा, तुमच्या त्या कॉलेजात नाव टाकू का? तिथं मॅट हाये म्हणे."

आजवर कोणी विचारलं की मी म्हणायचो, पाहा बा, तुमचं तुमी ठरवा. आई गावात एकटी आहे, चाचाचं दुकान रस्त्यावर आहे. भीती वाटायची. अजून वाटते. पण त्या दिवशी त्याला सगळं सांगितलं. कॉलेजाचं नाव, कप्तानाचं, सरांचं. रुमालाचा काठ निळा होता, हेसुद्धा. तो म्हणाला, "मंग मी जाऊ का नको?"

मी म्हणालो, "जायचं तर जाय. पण पहिल्या दिवशीच हात पुढं कर. समोरून हात नाही आला, त तिथंच खेळ थांबव आन् मोठ्यानं बोल. माह्यासारखं शेवटच्या दिवसाची वाट नको पाहू. अन् मले फोन कर. मी येतो."

सुट्टी मिळो न मिळो, मी जाणार आहे.

चाचा, तुमचं देणं माझ्यावर आहे. एक दिवस तुमच्या मैदानावर मी मॅट टाकीन. लीगवाल्यांना तुमच्या दुकानापर्यंत यावं लागेल, असे खेळाडू तिथं तयार करीन. आणि त्या मॅटवर कोणी रुमाल घेऊन उतरला, तर तो कोणाचाही पोरगा असो, त्याला मी सांगीन, बाहेर बस.