संकष्टीच्या दिवशी स्टॉकहोम

न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआ गावच्या बेकरीत आज वेलचीचे बन नुकतेच ओव्हनमधून काढले होते. दारातच तो वास आला आणि मी रांग सोडून बाजूला उभी राहिले.

स्टॉकहोमला नोकरीला होते तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली होती. तिच्यासाठी मी हौसेनं फूड टूर बुक केली, गाईडबरोबर चालत फिरायची, आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली. आई म्हणाली, "बुक केलंयस ना, मग जाऊ. मी वास घेईन, तू खा."

दगडी गल्ल्यांतून ती साडीवर स्पोर्ट्स शूज घालून चालत होती. गाईड देईल ते नाकाशी धरायची आणि माझ्या हातात द्यायची. वेलचीच्या बनपाशी मात्र थांबली. डोळे मिटून म्हणाली, "अगं, हा तर आपल्या श्रीखंडाचा वास." तो गरम बन तिनं बराच वेळ सोडला नाही.

"इतके कडक उपास कशासाठी गं?" मी विचारलं.

"तुझ्या न्यूझीलंडच्या व्हिसासाठी."

मी हसले होते. व्हिसा आला. मी इथे आले, इथलीच झाले, आणि पुण्यात आई गेली तेव्हा तिचं शेवटचं दर्शन फोनच्या स्क्रीनवर घेतलं.

आज एक बन घेतला, बाहेर बाकावर बसून नाकाशी धरला. खाववेना. तो आधी तिनं हुंगून माझ्या हातात द्यायला हवा होता.