लाल मुठीचा दांडा

अण्णांची जीप गल्लीत शिरायची तेव्हा आधी आवाज यायचा, मग धूर, आणि मग अण्णा. मल्लेश्वरममधल्या आमच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीला, चढ आहे. चढाच्या तोंडाशी अण्णा गिअर बदलायचे, जीप दोनदा करकरायची, आणि ते ऐकून आई कॉफीचं पाणी ठेवायची. आता आई नाही, अण्णा नाहीत, जीपही नाही. तरी संध्याकाळी एखादी जड गाडी तो चढ चढली की माझा हात आपोआप गॅसकडे जातो, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्यासारख्या पिढ्यान्पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरांत वडील अण्णा असतात, शेजारीण अक्का असते, आणि बोलताना मधेमधे कन्नड डोकावतं. पुण्याहून आलेले पाहुणे आमच्या मराठीला हसतात. हसोत बापडे.

जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात अण्णांची नोकरी झाली. मी सात वर्षांची होते तेव्हा खात्यानं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी लिलावात घेतली. हौस म्हणून नाही. आनेकलच्या पुढे आमचा शेताचा तुकडा होता, नाचणी आणि अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा व्हायच्या. शेवटचा मैलभर रस्ता तांबड्या मातीचा, आणि पावसात तिथे बैलगाडीसुद्धा रुतायची. जीपमध्ये गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा होता, लाल मुठीचा. तो मागे ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा आणि चारही चाकं मिळून गाडी चिखलातून काढायची. तो ओढायचं काम माझं. चिखल दिसला की अण्णा वेग कमी करून म्हणायचे, "पुट्टी, ओढ." पुट्टी, म्हणजे छोटी, हे त्यांनी मला दिलेलं नाव. मी दोन्ही हातांनी ओढायचे. पुढे मोठी झाले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी ते काम माझंच राहिलं. अण्णांचा हात तिथे सहज पोचत असे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

घरात अण्णा फार बोलत नसत. पेपर, कॉफी, पुन्हा पेपर. जीपमध्ये मात्र बोलायचे. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलताना माणसाला फार आडपडदा ठेवता येत नाही. गणितात नापास झाले ते मी त्यांना जीपमध्ये सांगितलं. लग्न करायचं नाही हेही तिथेच सांगितलं, आनेकलच्या थोडं अलीकडे. ते समोर बघतच म्हणाले, "सरी, ठीक आहे. आईला मी सांगतो." तो विषय तिथेच संपला. आईचा संपायला सहा वर्षं लागली.

नवरात्रातल्या नवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते. गल्लीतल्या सगळ्या सायकली, स्कूटरी धुऊन रांगेत लागायच्या आणि रांगेच्या पुढे अण्णांची जीप. झेंडूचे हार, पुढच्या बाजूला केळीचे दोन खुंट, समोर फोडलेला कोहळा आणि चार चाकांखाली चार लिंबं. जीप लिंबांवरून गेली की पूजा झाली. कोरड्या रस्त्यावर लाल दांड्याचं काहीच काम नव्हतं, पण त्या दिवशीही अण्णा म्हणायचे, "पुट्टी, ओढ." का, असं मी एकदा विचारलं. "चारही चाकांची पूजा केलीय, मग चौघांनाही कामाला लावायला नको?" एवढंच म्हणाले. मग गल्लीतली चिल्लीपिल्ली मागे कोंबून सगळ्या क्रॉसमधून एक फेरी व्हायची.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं आणि शहरात नव्या तऱ्हेच्या गाड्या दिसायला लागल्या. उंच, रुंद, चकचकीत, चार चाकांना जोर असलेल्या आणि जन्मात चिखल न पाहिलेल्या. अशा गाड्यांना जुन्या वस्त्यांमध्ये येऊ द्यावं का, यावर पेपरात पत्रांवर पत्रं येऊ लागली. कुणी लिही, रस्ता सगळ्यांचा आहे, ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीची गाडी घ्यावी. कुणी लिही, मग चालणाऱ्यांनी काय भिंतींवरून चालायचं? हे दुसरं बरेचदा मीच लिहिलेलं असे. घरात मला वकीलच म्हणायचे. मला राग आला की तो कागदावर उतरेपर्यंत झोप यायची नाही.

त्यात समोरच्या अक्का पडल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या. रोज सकाळी गल्लीच्या कडेनं देवळात जायच्या. कोपऱ्यावरच्या घरात वरच्या मजल्यावर पुण्याचा एक तरुण राहायला आला होता, कंप्युटर कंपनीतला. त्याच्या नव्या मोठ्या गाडीचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला आणि त्या गटाराच्या फरशीवर आपटल्या. मनगट मोडलं. पोरगा वाईट नव्हता. त्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं, रोज चौकशी केली. पण अक्कांचं देवळात जाणं बंद झालं. हात बरा झाला तरी त्या फाटकाच्या बाहेर पाऊल टाकेनात. फाटक धरून रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या. ते बघून माझं डोकंच फिरलं.

रहिवासी संघातर्फे महापालिकेला अर्ज द्यायचं ठरलं आणि तो लिहायचं काम मी ओढून घेतलं. अण्णांनी खात्याच्या वेळची मोजपट्टी काढली, तिच्या गोल चामडी डबीसकट. एका रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गल्ली मोजली. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे किती जागा उरते, गटाराची फरशी कुठे फुटलीय, सगळं त्यांनी वहीत टिपलं. त्या रविवारी आनेकलला गेलो नाही. आपल्या आयुष्यात काहीतरी ठोस चाललंय असं मला वाटत होतं, आणि अण्णा बरोबर होते. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

अर्जात मोठी गाडी म्हणजे कुठली, ते लिहायला हवं होतं. लांबी लिहावी तर शाळेची व्हॅन अडकत होती. किंमत लिहिणं मला बरं वाटेना. शेवटी मला सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. मी लिहिलं की ज्या गाडीच्या चारही चाकांना जोर देण्याची सोय असेल, अशा गाडीला या क्रॉसमध्ये येऊ देऊ नये, कारण ती सोय चिखलासाठी असते आणि आमच्या गल्लीत चिखल नाही. हे मला कोणी शिकवलं होतं, हे लिहिताना क्षणभरही मनात आलं नाही. आमच्या दारातली जीप माझ्या लेखी गाडीच नव्हती. ती अण्णांची जीप होती.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी अर्ज अण्णांना वाचायला दिला. खाली सह्यांसाठी रकाने आखले होते: नाव, घर, असल्यास वाहन, सही. गाडीवाल्यांचाही पाठिंबा आहे हे दिसावं म्हणून वाहनाचा रकाना. अण्णांनी सावकाश वाचलं. एका ठिकाणी माप चुकलं होतं ते सुधारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. उद्या स्वल्प हळू वाच, घाई करतेस तू." आणि शाईच्या पेनानं पहिली सही केली. मी वरवर नजर टाकली, कागद फुंकून वाळवला आणि पिशवीत ठेवला. डोक्यात दुसऱ्या दिवशीचं भाषण चाललं होतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. मी हळू वाचलं. टाळ्या पडल्या. फाटकाबाहेर न पडणाऱ्या अक्का त्या दिवशी दोघींच्या आधारानं येऊन पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग पुण्याचा पोरगा उठला. सभा कन्नडमधून चालली होती, ती त्याला येत नव्हती, म्हणून त्यानं मलाच मराठीतून विचारलं.

"ताई, मला ऑब्जेक्शन नाही. माझी चूक झालीय, मी गाडी दुसरीकडे लावीन. पण जेन्युइन डाउट आहे. काकांची जीपपण फोर-व्हील ड्राइव्हच आहे ना? मग तिचं काय?"

हॉलमध्ये मराठी समजणारे होते, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं आणि हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं, सगळे प्रेमानं हसत होते. संघाचे चिटणीस लगेच म्हणाले, एक ओळ घालू, जुन्या गाड्यांना सूट. सगळे हो म्हणाले. खुद्द अक्का म्हणाल्या, त्या जीपनं माझ्या मुलाची वरात नेलीय, तिला कोण अडवणार? मी लिहायला पेनसुद्धा काढलं.

अण्णा मागच्या रांगेतून उठले. म्हणाले, सूट नको. माझ्यासाठी खिडकी उघडली तर उद्या तिच्यातून सगळेच आत येतील. मुलीनं नियम बरोबर लिहिलाय, तसाच जाऊ दे. ते खाली बसले. चिटणिसांनी कागद फिरवला, लोकांनी सह्या केल्या. मला तिथून कधी निघते असं झालं होतं.

त्या आठवड्यात अण्णा जीप आनेकलला ठेवून बसनं परत आले. अर्जाची अजून पोचसुद्धा मिळाली नव्हती. मी भांडले. चार लोक सूट देत होते, ती घ्यायला काय झालं होतं? भर सभेत आपल्याकडे बोट दाखवलं म्हणून मानी माणसानं हट्टाला पेटायचं, आणि वर ते मुलीच्या नावावर खपवायचं, असं काहीबाही मी बोलले. अण्णा म्हणाले, "तसं नव्हे ग," आणि पेपर उघडला. ओरडून बोलायला जीप नव्हती, त्यामुळे पुढे काही झालं नाही.

रविवारी ते एकटे बसनं शेतावर जायचे. दोन बस बदलायच्या, आणि पुढे मैलभर चालायचं. त्यांचे गुडघे दुखायचे. मला दिसत होतं, आणि जितकं दिसे तितकी मी चिडे. मला वाटे, हे मला दाखवण्यासाठीच चाललंय.

नवमी आली. सकाळी अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून अण्णा दारात उभे राहिले. हातात कापडी पिशवी. आत हार, कुंकू आणि चार लिंबं.

"येतेस का, पुट्टी? दांडा ओढायला कोणीतरी हवं."

मी पेपर तपासत बसले होते. मान वर न करता म्हटलं, "मला काम आहे, अण्णा."

"सरी," म्हणाले, आणि गेले. संध्याकाळी आले तेव्हा आईनं विचारलं, झाली का पूजा? झाली म्हणाले. कॉफी प्यायले. मी माझ्या खोलीत होते, तिथून सगळं ऐकलं.

पुढच्या नवमीपर्यंत अण्णा राहिले नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस दोन दिवस ताप आला आणि छातीवर गेला. जीप शेजारच्या शेतकऱ्यानं चालवायला घेतली, ती त्याच्याकडेच राहिली. तो माझ्या ओळखीचा होता, बोलावतही असे. मी गेले नाही.

अर्जाचं काही झालं नाही. पेपरातला वाद थंडावला, दुसरे विषय आले. गल्लीत एकीची जागा दहा मोठ्या गाड्यांनी घेतली. पुण्याचा पोरगा शब्दाला जागून वर्षभर गाडी लांब लावत होता, मग राजाजीनगरला राहायला गेला. मी लिहिलेल्या त्या नियमापायी गल्लीतून कायमची गेली ती एकच गाडी. अक्का शेवटपर्यंत फाटकातच उभ्या राहिल्या. बिचाऱ्या मला कधी काही बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं रिकामी केली. वरच्या फळीवर मोजपट्टीची चामडी डबी सापडली. पट्टी थोडीच बाहेर येत होती आणि अडकत होती, म्हणून मी डबी उघडली. आत घडी घातलेला कागद होता. अर्जाची झेरॉक्स. चिटणिसांनी ती मला दिली होती, मी रागानं कचऱ्यात टाकली होती, आणि अण्णांनी ती उचलून ठेवली होती.

सह्यांच्या यादीत पहिलं नाव अण्णांचं, त्यांच्या तिरप्या कन्नड अक्षरात. पुढे घराचा क्रमांक. त्याच्यापुढे, मी आखलेल्या वाहनाच्या रकान्यात, जीपचा नंबर. नंबराखाली बारीक अक्षरात दोन शब्द: चारही चाकं.

म्हणजे सभेच्या आदल्या संध्याकाळीच त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या लक्षात आलेलं नाही हेही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर मी ती ओळ खोडली असती, आणि दुसऱ्या दिवशी हळू काय, वाचलंच नसतं. म्हणून ते बोलले नाहीत. जीप जाणार हे ठरवून त्यांनी सही केली, आणि मी ती फुंकून वाळवली.

रंगारी काहीतरी विचारत होता, मी त्याला नंतर ये म्हटलं. कागद हातात धरून मी जमिनीवर बसले. मला हट्टाचा राग आला होता, आणि हट्ट तर तिथे नव्हताच. त्या नवमीला बस पकडून मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. लिंबं त्यांनी चारच घेतली होती, पूजाही केली असेल, पण दांडा एकट्यानं ओढला की ओढलाच नाही, हे मी त्यांना विचारलं नाही.