आवाज बंद करून पाहिलेला पिक्चर

नमस्कार. मी इथले अनुभव नेहमी वाचतो, पण स्वतः लिहायची हिंमत आज पहिल्यांदा करतोय. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. एक आधीच सांगतो. भूतबित, अंगात येणं, बाहेरचं लागणं... यातलं मी काही मानत नव्हतो. रात्रभर कापडाच्या लूमवर उभा राहणाऱ्या माणसाकडे घाबरायलासुद्धा ताकद उरत नाही. घरी आलं की आडवं व्हायचं, बस.

आम्ही अमळनेरकडचे. सध्या सुरतला, डिंडोलीत, पहिल्या मजल्यावर एक खोली. मी, बायको संगीता आणि मुलगी खुशी, चार वर्षांची. माझा कारखाना भेस्तानला, कायम रातपाळी.

ज्यांनी लूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत एवढा खडखडाट असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही. म्हणून आमचं सगळं बोलणं हाताने. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खुणा. ‘ऐकू येत नाही, समोर येऊन बोल’ म्हणायचं असेल तर दोन बोटं कानावर आपटायची आणि पंजा आपल्या छातीकडे ओढायचा. समोरचा मग तोंडासमोर येऊन ओठ मोठे हलवून बोलतो.

मला हे सगळं नथ्थूमामाने शिकवलं. सख्खा मामा नाही, आमच्या गावचा एवढंच नातं. पण मी सुरतला उतरलो तेव्हा त्याने स्वतःच्या अंथरुणात जागा दिली, शेठशी बोलून कामाला लावलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. त्याचं अंगठ्याजवळचं बोट लूममध्ये अर्धं गेलेलं. ते थोटं बोट तो दुमडून ठेवायचा आणि मधल्या बोटाच्या पेराने कानावर टकटक करायचा. तशी खूण पूर्ण कारखान्यात तो एकटाच करायचा. माझं लग्न व्हायच्या आधीच तो छातीच्या आजाराने गेला. संगीताने त्याला कधी पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही.

आता घरचं सांगतो. मी दिवसा झोपणार, शेजारच्या खोलीतले चौघे पण रातपाळीचे, ते दिवसा झोपणार. मधे एक विटेची भिंत. त्यामुळे आमच्याकडे टीव्ही नेहमी आवाज बंद करून. संगीता साडीला खडे चिकटवायचं काम आणते, ते पण मुकाट्याने. खुशीला कधी दटावावं लागलं नाही. घरमालकीण बा सगळ्यांना सांगायच्या, “बहु डाही छोकरी छे.” म्हणजे फार शहाणी पोरगी. आम्हाला बरं वाटायचं.

पण ती बोलत नव्हती. आई, पप्पा, काहीच नाही. गावाहून आई फोनवर म्हणायची, तुझा काका पण उशिरा बोलला. शाळेत नाव घालायला नेलं तर तिथली मॅडम म्हणाली, “बोलती नहीं तो अभी बिठाके क्या करेंगे? अगले साल लाओ.” तेव्हापासून संगीताच्या डोक्यात तेच. पुढच्या वर्षी पण नाही बोलली तर? मी शाळा सोडली ती सोडली, पोरीला शाळेने दारातच सोडावं... माझी दिवसाची झोप उडाली होती.

डिसेंबरमधली गोष्ट. खुशीसाठी मोबाईलच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणला. नाताळचे कार्टून... बर्फ, हरणांची गाडी, लाल कोटवाला म्हातारा घरोघर खेळणी टाकतोय. त्यातच दुसऱ्या कोणाचे तरी इंग्रजी पिक्चर राहून गेले होते. जुने, काळेपांढरे. हॅट घातलेली माणसं, ओला रस्ता, सिगारेटचा धूर, एखादी देखणी बाई, आणि शेवटी कोणीतरी कोणाला तरी फसवतं. मला इंग्रजी येत नाही, आणि आवाज तर बंदच. तरी सगळं कळायचं. कोण खोटं बोलतंय ते नजरेवरून कळतं, आम्हाला सवय आहे. आणि खरं सांगू, त्यातली सगळी माणसं रातपाळी करून आल्यासारखी दिसतात. मला आपली वाटली. खुशीचं कार्टून संपलं की मी ते लावायचो आणि बघता बघता झोपायचो.

त्या दिवशी दुपारी मला जाग आली. पडदा लावलेला, खोलीत टीव्हीचा तेवढा उजेड. संगीता दाराकडे तोंड करून साडीवर वाकलेली. कार्टून संपून काळापांढरा पिक्चर आपोआप सुरू झाला होता. रस्त्यावर दिव्याखाली एक हॅटवाला उभा, तोंडावर हॅटची सावली, सरळ समोर बघतोय. आणि खुशी टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभी.

हॅटवाल्याचा हात कानापासून खाली येत होता. एवढं मी पाहिलं.

आणि खुशीने अंगठ्याजवळचं बोट दुमडलं, मधल्या बोटाच्या पेराने कानावर टकटक केलं आणि पंजा छातीकडे ओढला.

मी उठून बसलो. ती वळली, माझ्याजवळ आली आणि मला पुन्हा तीच खूण केली. बोट दुमडून. टकटक. पंजा छातीकडे.

माझं डोकं काही विचार करत नव्हतं. कारखान्यात करतो तसा मी सवयीने तिच्या तोंडासमोर गेलो आणि ओठ मोठे हलवून विचारलं, “काय?” ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. असं ती कधी बघत नसे. की बघत असेल... माहीत नाही.

मी म्हटलं, “संगीता, तिच्यामागे ताट पाड.”

“कशाले? बाजूवाला झोपेल शेतस.”

“पाड म्हणतो ना.”

“परीक्षा ली ऱ्हायनात का मनी?” असं पुटपुटत तिने स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. भिंतीपलीकडून लगेच लाथ बसली. “अरे ओ जळगाववाले, सोने दे ना यार.” आम्ही जळगाव जिल्ह्याचे, म्हणून आमचं नाव तेच.

खुशीने पापणीसुद्धा हलवली नाही.

संगीताने ताट उचललं आणि स्वतःच पुन्हा टाकलं. मग तशीच खाली बसली. भिंतीवर पुन्हा लाथ बसली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून परस्पर सरकारी दवाखान्यात गेलो. संगीता खुशीला घेऊन तिथेच आली. पुढे बरेच हेलपाटे झाले, तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, मशीन लावू, शिकवू, बोलेल. आणि विचारलं, “आपको पता कैसे चला?”

मी म्हटलं, “उसने ही बताया.”

त्या हसल्या. “बोलती नहीं, तो बताया कैसे?”

मी खुशीला कडेवर घेतलं आणि बाहेर आलो.

घरी येऊन मी तो पिक्चर पुन्हा लावला. दिव्याखालचा सीन मागे घेऊन घेऊन पाहिला. हॅटवाला येतो, उभा राहतो, समोर बघतो, निघून जातो. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात आहेत. पूर्ण वेळ. एकदाही बाहेर येत नाहीत.

संगीताचं म्हणणं, मी झोपेत हात हलवतो, पोरीने तेच पाहिलं असेल. असेल. झोपेत मी काय करतो ते मला कसं कळणार? पण मी दोन बोटांवाली खूण करतो, सगळ्यांसारखी. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. चार वर्षांच्या पोरीने नथ्थूमामासारखं नेमकं तेच बोट का दुमडावं? आणि हात खाली येताना मी पाहिला तो कोणाचा? अर्धवट झोपेत होतो म्हणा... मी पण स्वतःला तेच सांगतो. रात्री लूमसमोर उभा असलो की पटत नाही.

आता खुशीच्या कानात मशीन आहे. दवाखान्यातल्या ज्या लोकांमुळे ते मिळालं, त्या सगळ्यांचे उपकार. सुरुवातीला रडायची, ओढून काढायची. हळूहळू सवय झाली. आता शेजारच्यांना विचारून दुपारी थोडा वेळ टीव्हीला आवाज देतो. हरणांच्या गाडीची घंटी वाजली की ती हसते आणि घंटीसारखा आवाज काढायला बघते. परवा “प्पा” म्हणाली. संगीता म्हणते मला नाही, पापडाला म्हणाली. असू दे.

पण कार्टून संपून काळापांढरा पिक्चर लागला की ती दोन्ही मशीन स्वतःच काढते, माझ्या हातात देते आणि टीव्हीपुढे जाऊन उभी राहते. कधीकधी मान हलवते. मी तेव्हा टीव्हीकडे बघत नाही. मशीन मुठीत धरून बसतो, ती तिच्या कानाच्या उबेने गरम असतात.

गावी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तो पेन ड्राइव्ह तापीत टाकून ये. हे काय होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. फक्त टाकून दे, असं सांगू नका. मी टाकणार नाही.