एका माणसाची एकच ओळ

सुनंदाबाई बिराजदार कुठलाही तक्ता दिसला की आधी त्यातली माणसं मोजायच्या. लोहारा तालुक्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा तिथं नोंदी ठेवणारा मी मोठ्या तोऱ्यात माझी एक्सेलची फाईल उघडून दाखवली. नऊ वर्षांच्या नोंदी, एक दिवस चुकलेला नाही! त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्या तिघीजणी हायत, का एकच बाई तीनदा आलीय?" मला सांगता येईना.

लातूरला संगणक शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि इथं सास्तूरला येऊन राहिल्या होत्या. तुमच्या नोंदी नीट लावून देते, पैसे नकोत, असं त्या आपण होऊन डॉक्टरांना म्हणाल्या. मला रागच आला. माझ्या पद्धतीत पेशंट आला की नाव, गाव, जन्मतारीख, नातेवाईक, कुठलं औषध सोसत नाही, सगळं दरवेळी नव्यानं लिहायचं. बाईंनी त्या लांबलचक तक्त्याचे दोन केले. एकात माणूस, एकदाच, त्याच्या क्रमांकासह. दुसऱ्यात त्याच्या भेटी आणि प्रत्येक भेटीपुढं नुसता तो क्रमांक.

"माणसाचं माणसापाशी ठेव, दिवसाचं दिवसापाशी," हे त्यांचं पालुपद. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "तीच गोष्ट चार जागी लिहिलीस, की एक जागा तरी खोटं बोलतीच." आणि लगेच शेंगाची चटणी न् भाकरी पुढं सरकवायच्या. असल्या माणसावर किती दिवस रागवणार?

जुन्या दुहेरी नोंदी जुळवायचं काम माझ्याकडं आलं. आमच्याकडं म्हातारी माणसं चार महिने लेकाकडं, दोन महिने लेकीकडं. जुनी माहिती उतरवून घ्यायला मी पूर्वी नाव आणि गाव टाकून शोधायचो. गाव बदललं की माणूस सापडायचा नाही, मग मी कोरीच नवी ओळ टाकायचो.

एका दुपारी अणदूरच्या एका म्हातारीची ओळ आली. शेरा होता, पेनिसिलिन चालत नाही. खाली सास्तूरची ओळ, तेच नाव, तीच जन्मतारीख, आणि शेऱ्याची जागा कोरी. ती ओळ माझीच. घरी कुणी नव्हतं, म्हणून शेजारणीनं तिला बेशुद्ध आणलं होतं; जन्मतारीख मी आधार कार्डावरून उतरवली, औषधाचं शेजारणीला ठाऊक नव्हतं. कोरी जागा बघून डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात ती गेली. ताप डोक्यात गेला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग नातेवाइकाचा रकाना वाचला. मुलगी, सुनंदा बिराजदार.

बाई शेजारीच बसल्या होत्या. कसंबसं विचारलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. आई गेल्यावर तुमच्याच दवाखान्याचे, दोन गावांच्या नावाचे दोन केसपेपर तिच्या पिशवीत सापडले. तवापासनं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून! तीन महिने ही बाई माझ्या शेजारी बसून मला घास भरवत होती. मी म्हणालो, मला दोन थोबाडीत तरी मारा.

"तुझ्या जागी मी असते, तर मीबी नवीच ओळ लिहिली असती," त्या शांतपणे म्हणाल्या. "कर एक."

मी दोन्ही ओळी एक केल्या. त्यांच्या आईच्या नावापुढं पेनिसिलिनचा शेरा उमटला. बाईंनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडल्या.