फिंटनची निसरडी मूठ

आयर्लंडमधल्या ड्रमहॅलोच्या तळ्याकाठी ज्याच्या हातून मासा निसटला नाही असा माणूस सापडायचा नाही. पण निसटलेल्या माशाच्या जिवावर एकोणीस वर्षं मानानं जगला तो एकटा फिंटन मगॉरी. डेअरीच्या टँकरवर त्यानं तीस वर्षं ड्रायव्हरकी केली, चार मुली मार्गी लावल्या, एकदा बर्फावरून घसरलेला भरला टँकर शाळेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबवला. यातलं गावाला काही आठवत नाही. गावाला आठवतो तो मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोमवारी त्याच्या हातून गेलेला पाईक मासा.

हकिकत अशी सांगितली जाई. होडीत फिंटन एकटा. वर बुरबुर पाऊस. गळाला हिसका बसला, फिंटननं काठी उचलली, आणि काठीची बुचाची मूठ ओल्या साबणाच्या वडीसारखी हातातून सटकली. मासा काठीसकट पंधरा हात पुढं गेला, दोरी तुटली, काठी तरंगत राहिली. पहिल्या वर्षी तो मासा चौदा पौंड वजनाचा होता. बाकीचे मासे पाण्यात वाढतात, फिंटनचा पबमध्ये वाढला. पाचव्या वर्षी वीस झाला, दहाव्या वर्षी सव्वीस, आणि शेवटी बत्तिसावर येऊन ठेपला. तेहतिसाचा विक्रम शेजारच्या तळ्यावरच्या एका पाद्रीबाबांच्या नावावर होता, आणि पाद्रीबाबांच्या पुढं जाणं काही बरं दिसलं नसतं.

पबमधली शेकोटीशेजारची खुर्ची त्याची. मॉसी क्वीगन हा पबचा मालकही आणि मासेमारी क्लबचा सेक्रेटरीही. मासे धरायला आलेले डच-जर्मन पाहुणे तो नेमानं फिंटनसमोर आणून बसवायचा. पुराव्यादाखल फिंटननं घरून आणलेली काठी भिंतीला टेकलेली असे.

"हात लावून बघा," फिंटन म्हणायचा.

पाहुणे हात लावून बघायचे, मान डोलवायचे, "फारच निसरडी" म्हणायचे आणि काळ्या बिअरचा एक ग्लास फिंटनसमोर येऊन बसायचा. इतके हात फिरले की मूठ दरवर्षी आणखी गुळगुळीत होत गेली. माशाबरोबर पुरावाही वाढत होता.

आता बुचाची मूठ गुळगुळीत होणं हा काही असाध्य रोग नव्हे. माशांचा चिकटा आणि हातांचा मळ बुचाच्या भोकांत भरतो, एवढंच. उपाय सगळ्या गावाला पाठ होते आणि ते फिंटनला सांगण्यात गाव कधी कमी पडलं नाही.

"सँडपेपरनं घास की रे," कोणी म्हणे.

"बूच झिजेल. काठीचा तोल जाईल."

"मग रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी गुंडाळ."

"मी टेनिस खेळायला जातो का?"

"निदान धू तरी."

"धुऊ? त्या मुठीला त्या माशाचा वास आहे अजून."



खरी गोष्ट एकट्या फिंटनला ठाऊक होती. मूठ निसटलीच नव्हती. त्या दिवशी सॉसेजची दोन सँडविचं खाल्ल्यावर त्याला डुलकी लागली होती आणि काठी नुसती गुडघ्यांत धरलेली होती. जाग आली तेव्हा काठी पाण्यावर आणि दोरी तुटलेली. ओढणारा मासा होता की पाण्याखालचं झाडाचं खोड, हे त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण बिचारं सरळ होतं, नाचणाराच घोरत पडला होता. पण इतक्या वर्षांत फिंटननं हकिकत इतक्यांदा सांगितली की त्याला स्वतःलाच तळहातातून मूठ सरकल्याचं आठवायला लागलं होतं.

सत्तरावं लागलं त्या वर्षी मोतीबिंदूसाठी त्याला दोन दिवस स्लायगोच्या इस्पितळात राहावं लागलं. घरी त्याची बायको डिम्फ्ना एकटी. तिचा बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा, आणि मोडकं काही दिसलं की तिचेही हात शिवशिवत. तिनं मूठ कोमट पाण्यात सोडा घालून धुतली. एकोणीस वर्षांचं काळं पाणी निघालं. मग बारीक सँडपेपर फिरवला, बुचाचा भुसा गोंदात कालवून भोकं बुजवली, वरून सुती दोरी थोडी थोडी जागा सोडत गुंडाळली आणि सायकलची जुनी ट्यूब साबणाच्या पाण्यानं ओली करून त्यावर चढवली. साबण वाळला तशी ट्यूब अशी घट्ट बसली की दोघांनी ओढली असती तरी हलली नसती.

फिंटन एका डोळ्यावर पट्टी लावून घरी आला आणि दुसऱ्या डोळ्यानं त्यानं ते पाहिलं.

"हे काय केलंस?"

"मूठ नीट केली. सत्तरीची भेट."

"मला विचारायचंस तरी."

"एकोणीस वर्षं त्या मुठीच्या नावानं रडतोयस. त्यात विचारायचं काय?"

फिंटननं हात ओला करून मूठ धरली. मग हाताला लोणी चोळून धरली. मूठ हातात रुतून बसली. इतकी भीती त्याला इस्पितळातही वाटली नव्हती.

पबमध्ये एका डच पाहुण्यानं मूठ दाबून बघितली, "पकड उत्तम आहे" म्हणाला आणि स्वतःपुरती बिअर आणायला निघून गेला. मॉसीनं काठी हातात घेऊन उलटसुलट केली.

"झकास. रविवारी क्लबची स्पर्धा आहे फिंटन. बत्तीस पौंडवाला ताटकळला असेल तुझ्यासाठी."

सगळा पब हसला. फिंटनही हसला, पण त्याला कळून चुकलं की ही खुर्ची त्याची नव्हती, त्या गुळगुळीत मुठीची होती. मूठ गेली, आता रविवारी तो बत्तीस पौंडांहून लहान मासा घेऊन आला की उरेल एक टँकरचा म्हातारा ड्रायव्हर. त्याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

रविवारी चर्चमधून परस्पर डिम्फ्ना होडीत येऊन बसली. जन्मात ती कधी आली नव्हती.

"तू कशाला?"

"डॉक्टरनं वल्ही मारू नको म्हणून सांगितलंय. आणि तुला झोप लागली म्हणजे?"

फिंटननं चमकून तिच्याकडं पाहिलं. ती वल्ही बसवण्यात गुंतली होती.

दुपारपर्यंत काही नाही. फिंटनला बरं वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात काठी कमानीसारखी वाकली. मासा जिवंत होता, जोरकस होता. फिंटननं मनाशी ठरवलं होतं तसं केलं, बोटं हळूच सैल सोडली. पण डिम्फ्नानं केलेलं काम म्हणजे काम. मूठ तळहातातून सूतभरही सरकेना. मासा दमला, होडीजवळ आला, डिम्फ्नानं खाली जाळी घातली आणि तो वर आला.

अकरा पौंड दोन औंस. त्या दिवसातला सगळ्यांत मोठा. पबमध्ये टाळ्या झाल्या, मॉसीनं कप दिला, आणि मग म्हणाला, "अकरा. वा. म्हणजे बत्तीसवाला याचा आजोबा असणार."

"कोण जाणे, हाच असेल," मागून कोणी म्हणालं. "एकोणीस वर्षं काळजीनं वाळला असेल."

लोक टेबलं बडवून हसले. फिंटन कप मांडीवर घेऊन बसला होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

डिम्फ्नानं चहाचा कप खाली ठेवला.

"हा तो नव्हेच," ती म्हणाली. "तो याच्या मागून आला. डोकं माझ्या पाव भाजायच्या तव्याएवढं. फिंटन ओरडत होता जाळी दे, जाळी दे, आणि मी घाबरून त्या माशाला वल्हं हाणलं. गेला. मूठ पक्की होती. घोळ माझा."

डिम्फ्ना मगॉरी खोटं बोलते असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. पाद्रीबाबांनी प्रवचनात तारीख चुकवली तरी दाराशी थांबून दुरुस्त करणारी बाई ती.

फिंटननं उघड्या डोळ्यानं बायकोकडं पाहिलं. पण क्षणभरच.

"विचारा तिला, विचारा, कसं हाणलं वल्हं," तो म्हणाला. "मी बोंबलून सांगतोय जाळी, आणि ही बया..."

डच पाहुण्यानं खुर्ची पुढं ओढली. काळी बिअर आली. दुसऱ्या ग्लासापर्यंत वल्हं मोडलं होतं आणि तिसऱ्यापर्यंत बायकोपायी होडी उलटता उलटता वाचली होती. डिम्फ्ना चहा पीत शांतपणे ऐकत होती. मधेच एकदा "माझंच चुकलं" एवढं म्हणाली.

उन्हं असतानाच दोघं घराकडं निघाली. कप तिच्या पिशवीत, काठी त्याच्या खांद्यावर. चर्चचं वळण आलं. तिथं फिंटननं मागंपुढं कोणी नाही असं बघून हळूच विचारलं,

"डिम्फ्ना, खरंच दिसला का गं तुला?"

"एकोणीस वर्षांपूर्वी तुला दिसला होता, तेवढा दिसला."

फिंटन दहा पावलं विचार करत चालला. मग त्यानं मान हलवली.

"म्हणजे मोठाच होता," तो म्हणाला.