मलईचं यंत्र आणि गल्लीचं ताक

आमच्या घरी चार म्हशी होत्या आणि त्या चारही म्हशींचं दूध रोज माझ्या दोन खांद्यांतून जायचं. ही तक्रार नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, तक्रारच आहे.

बोरी अरबला लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, दुधाचं घर मिळालं, चंगळ आहे. चंगळ होतीही, नाही असं नाही. पण दूध विकायची पद्धत तेव्हा आमच्यात नव्हती. दूध दिवसभर गोवऱ्यांच्या मंद आचेवर तापवायचं, रात्री विरजण लावायचं, पहाटे घुसळायचं, लोणी कढवायचं आणि तुपाचे डबे दारव्ह्याच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचे. पावसाळ्याआधी रचलेला गोवऱ्यांचा उडवा दिवाळीपर्यंत संपून जायचा. मग पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळायच्या आणि त्या धुराने डोळे चोळत बसायचं.

घुसळायला कोंबडा आरवायच्या सुमारास बसायचं. खांबाला अडकवलेली रवी, खाली मोठा डेरा, दोराची दोन टोकं दोन हातांत. थंडीत लोणी धरत नाही म्हणून गरम पाणी ओतायचं, उन्हाळ्यात लोणी पाघळतं म्हणून गार पाणी. दोन तास तर सरळ जायचे, लोणी रुसलं तर अडीच. हे काम माझ्याआधी सासूबाईंनी तीस वर्षं केलं होतं. त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. त्यांची वेणी मी घालून द्यायची. वेणी घालताना तो खांदा जवळून दिसायचा, आणि आपला पुढचा तीस वर्षांचा हिशेब तिथेच समजायचा.

लोणी निघालं की गल्लीतल्या बायका लोटे घेऊन ओसरीवर यायच्या. ताक विकायचं नसतं आणि ताक मागायला लाजायचं नसतं, असा रिवाज. निंदणाला जाणाऱ्या मजूरबाया, शेजारच्या लमाण तांड्यातल्या दोघीतिघी, कोपऱ्यावरच्या पिंजाऱ्याची बायको, सगळ्या यायच्या. सासूबाई पायरीवर बसून लोटे भरायच्या आणि गावाची खबरबात घ्यायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाची मुलगी नांदायला गेली नाही, सगळं त्या पायरीवर कळायचं. मी आत डेरा घासत असायची.

मी सातवी पास होते. माहेरी त्याचं कौतुक होतं, सासरी कुणाला काही वाटत नव्हतं. जिल्हा परिषद नुकतीच झाली होती, आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा घरी येऊन सांगून गेले की मुलींच्या वर्गासाठी बाई नेमायची आहे, गावातलीच असली तर बरं. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "शाळेत जाशीन त जा बाप्पा. पन घुसळनं कोन करन? माया हात त पाह्यतेस तू."

त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आणि यांना, म्हणजे आमच्या मालकांना, घुसळायला सांगायची सोय नव्हती. पुरुषांनी रवीला हात लावायचा नसतो.

पण यांना यंत्रांचं वेड होतं. दारव्ह्यात शिलाई मशिनी आणि सायकली दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. त्यांच्या दुकानात कुठल्याशा बंगल्यावरून आलेलं मलई काढायचं यंत्र पडून होतं. हाताने फिरवायचं, विजेबिजेचा संबंध नाही. आमचे हे ते यंत्र बघून आले आणि चार दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी यंत्र बैलगाडीत घालून आणलं, सोबत मिस्त्रीही आले. त्यांनी ते ओसरीवर पाटाला पक्कं केलं आणि मला समजावून सांगितलं, "बाई, दूध धारेचंच कोमट टाकाचं. दांडा फिरवला का घंटी वाजन. घंटी बंद झाली का समजा बराबर रफ्तार आली. मंग नळी खोला. आन या आतल्या अठरा थाळ्या रोज धुवा लागतीन, नंबरानं लावा लागतीन. एक मागंपुढं झाली का हा बिघडला."

दांडा यांनी फिरवला. घंटी वाजली, थांबली, आणि एका नळीतून मलईची बारीक धार, दुसरीतून दुधाची जाड धार. चारही म्हशींचं दूध अर्ध्या तासात मोकळं झालं. तापवणं नाही, विरजणं नाही. मलई लहान गाडग्यात घालून हलवली तर भाजी शिजायच्या आत लोणी वर आलं. दुधासाठी त्या दिवशी उडव्यातली एकही गोवरी जळली नाही. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींना दोनदा चहा दिला. सासूबाईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "सांगून दे मास्तरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका लोटे घेऊन आल्या, आणि ताक नव्हतंच.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यांच्याही नाही, मिस्त्रींच्या तर नाहीच नाही. घुसळलं नाही तर ताक कुठून येणार? मी पटकन हुशारी केली. मलई काढलेलं दूध कळशीभर होतं. ताकापेक्षा दूध बरं, असा माझा साधा विचार. पहिल्या लोट्यात मी दूध ओतू लागले तर त्या बाईने लोटा मागे घेतला.

"दूध कायले वो?" ती म्हणाली. "आमी का मागाले आलो?"

मग मला कळलं. ताक नेणं म्हणजे शेजार, फुकटचं दूध नेणं म्हणजे भीक. त्या दिवशी सगळे लोटे रिकामे गेले आणि सासूबाई पायरीवर एकट्या बसून राहिल्या.

मी हार मानणारी नव्हते. त्याच दुधाला विरजण लावलं, दही झालं, पाणी घालून पाच मिनिटं रवी फिरवली, ताक तयार. रंग तोच, आंबटपणा तोच. दोन आठवडे गल्ली गोडीगुलाबीने ताक नेत होती आणि मी मनातल्या मनात फुशारत होते. मग सासूबाईंनीच घात केला. त्यांना लपवालपवी जमत नव्हती. समोरच्या घरातली म्हातारी, जिच्या शब्दावर गल्ली चालायची, तिने सहज विचारलं, "ताकात लोन्याची कनी काहून दिसत नाही वो?" आणि सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मशिनीनं सत्त्व ओढून घेता आन उरलेलं पानी आमाले देता," म्हातारी म्हणाली.

मी आतून बाहेर आले. मला राहवलंच नाही. "आजी, ताक म्हंजे तरी काय असते? लोनी काढून उरलेलंच ना? आधी आमी काय लोन्यासगट देत होतो?"

"आधी हातानं काढत होते," ती म्हणाली, आणि लोटा ओसरीवर पालथा करून निघून गेली.

या वाक्यावर मी आजवर किती वेळा डोकं आपटलं असेल. हाताने काढलं तर पुण्य आणि दांड्याने काढलं तर लूट, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? लोणी तेवढंच, दूध तेच, म्हैसही तीच. माझे खांदे दुखले तरच ते ताक गल्लीच्या घशाखाली उतरणार होतं की काय? पण वाद जिंकून उपयोग नव्हता, वाद ऐकायलाच कुणी उरलं नव्हतं. बायका गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यासारख्या ताकासाठी जायला लागल्या. आमच्या दारावरून लोटे घेऊन जायच्या, मुद्दाम हळू.

सासूबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं. सकाळी सवयीने पायरीवर जाऊन बसायच्या, थोडा वेळ रस्त्याकडे बघायच्या, उठून यायच्या. मला त्यांची कीव यायची आणि त्या कीवेचाच राग यायचा.

मग यांनी तोडगा काढला. दोन म्हशींचं दूध यंत्रात, दोन म्हशींचं गल्लीच्या ताकासाठी विरजायला. यांना वाटलं, फार मोठा न्याय केला. झालं काय, तर पहाटे अर्धा डेरा घुसळायचा, मग यंत्र चालवायचं, मग अठरा थाळ्या गरम पाण्याने धुऊन नंबराने लावायच्या. वाचलेल्या गोवऱ्या थाळ्या धुवायचं पाणी तापवण्यात जाऊ लागल्या. आधी एक काम होतं, आता दोन झाली. यंत्राचा दांडा मात्र हे मोठ्या हौसेने फिरवायचे, घंटी थांबली की माझ्याकडे बघून हसायचे. मला ते हसू बघवायचं नाही.

तरी मी शाळेच्या नोकरीचा विचार सोडला नव्हता. अर्धा डेरा तर अर्धा, तासाभरात उरकत होता, धावपळ करून जमलं असतं. हेडमास्तरांनी निरोप आणला की सोमवारी सकाळी सातवीचा दाखला घेऊन दारव्ह्याच्या ऑफिसात हजर राहायचं, मंगळवारी नावं वर जाणार. सकाळची रेल्वे गाठायची होती, ती चुकली की वेळेवर पोचायची दुसरी सोय नव्हती. मी शनिवारीच लुगडं धुऊन ठेवलं.

रविवारी दुपारी समोरची म्हातारी आमच्या ओसरीवर आली. कितीतरी दिवसांनी. नातीचं लग्न सोमवारी होतं, पाहुण्यांना कढी करायची होती. "तुमच्या घरच्या ताकाबिगर कढी व्हत नाही," असं ती सासूबाईंना म्हणाली, आणि जाता जाता मशिनीकडे बघून, "हातचंच पाह्यजे बरं." सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी त्या रात्री चारही म्हशींचं दूध विरजलं. डेरा काठोकाठ भरला.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले, तरी ओसरीवरून रवीचा आवाज येत होता. सासूबाई घुसळायला बसल्या होत्या. उजव्या हाताला जोर नव्हता, म्हणून दोराचं ते टोक त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतलं होतं आणि सगळं अंगच मागेपुढे करत होत्या. दहीसुद्धा अजून नीट फुटलं नव्हतं.

मला बघून म्हणाल्या, "तू जा. गाडी चुकन. मी करतो हे."

मी आवरलं, धुतलेलं लुगडं नेसले, दाखला पिशवीत घातला. बाहेर हे बैलगाडी जुंपून उभे होते. मी ओसरीवर आले आणि यांना हाक मारली. म्हटलं, "तुमी धरा ना दोर. मी पायी जातो टेसनावर."

हे सासूबाईंकडे बघत राहिले, मग बैलांकडे. म्हणाले, "मले लग्नाच्या घरच्या मान्सांनी पाह्यलं त?" दांडा फिरवणारे ते हात. दोन्ही धडधाकट होते.

सासूबाई तेवढ्यात दम घ्यायला थांबल्या होत्या. मनगटावर दोराचा लाल वळ उठला होता. "जा वो," त्या पुन्हा म्हणाल्या. "मनापासून सांगून राह्यलो. जा."

मी पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला आणि त्यांच्या मनगटाचा दोर सोडवून घेतला. त्यांनी सोडवू दिला. यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग बैल सोडले. मी दोन तास घुसळत होते. त्या जागेवर दुसऱ्या गावची एक बाई लागली. चांगली शिकवायची म्हणतात.

पुढे लोक मला म्हणाले, सासूने शाळेची नोकरी करू दिली नाही वाटतं. तसं असतं तर सोपं होतं. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी भांडून, पाय आपटत, नक्की गेले असते. त्या जा म्हणाल्या.